४४४४ नंबरचं दार

१८ सप्टेंबर २००३
कुणीतरी विचारलं एकदाचं! नोएडात येऊन सहा महिने झाले, पण तू दिवसभर करतेस काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. अकाउंट्समधल्या जयदीपने डबा खाताना विचारलं. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. दिल्लीतल्या आर. के. पुरमला वाढलाय, मटकीच्या उसळीला 'वो स्प्राउट्सवाली भाजी' म्हणतो. मी भडाभडा सगळं सांगितलं – कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबचं ८०, मेलचं २५. आमच्या नेटवर्क टीमचा पहारा नेहमीच्या चार-पाचांवरच, बाकीच्यांकडे कुणी बघत नाही.
रूमवर आल्यावरही हसू येत होतं.

२९ सप्टेंबर
४४४४ नंबरच्या पोर्टवरून रोज काहीतरी बाहेर जातंय! तिथून काही जायचं कारणच नाही. सर म्हणाले, होगा कोई सॉफ्टवेअर. मला चैन पडेना.

३० सप्टेंबर
मशीन जयदीपचं आहे.

१ ऑक्टोबर
जेवायच्या सुट्टीत त्याने माझी खुर्ची धरून ठेवली होती. काम आहे म्हणून सांगितलं आणि जागेवरच कोरडी पोळी खाल्ली. पहारा कुठे नाही, हे त्याला मीच सांगितलं होतं ना! गोड बोलून काढून घेतलं माझ्याकडून. त्याला सरळ विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

३ ऑक्टोबर
सरांना सांगितलं. तासाभरात गार्ड त्याला घेऊन निघाला. माझ्या टेबलाशी थांबून तो एवढंच म्हणाला, "प्रज्ञा, मला विचारायचं तरी होतंस यार."
सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

६ ऑक्टोबर
डबा न उघडताच परत आणला.

८ ऑक्टोबर
पुन्हा ४४४४! जयदीपचं मशीन तर बंद करून कपाटात ठेवलंय. शोधलं – या वेळी माझ्याच मशीनवरून!
बाहेरच्या कुणीतरी मेलमधून व्हायरस घुसवलाय. तो एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरतो आणि चोरलेलं त्या आडदारातून बाहेर पाठवतो. जयदीपला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी स्वतः जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, कोई बात नहीं, मशीन बदल लो.
मला न्यायला गार्ड आला नाही.

९ ऑक्टोबर
जयदीपला फोन केला. व्हायरसचं सांगितलं, माफी मागितली, कामावर परत बोलावतील म्हटलं. मराठीतून मी एकटीच बोलत होते. तो म्हणाला, "ठीक है, मॅडम. बताने के लिए शुक्रिया."