बाबांच्या वर्गातली मुलगी

सोमवार, ३ ऑगस्ट

बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? शनिवारी काय झालं, ते आधी लिहून काढते.

१. विद्यापीठातल्या खुल्या चर्चेचा विषय होता: कमी पटाच्या सरकारी शाळा बंद कराव्यात का. त्यात तुमचीही शाळा आहे.
२. एका पालकाने विचारलं, “गुरुजी, शाळा एवढी चांगली, तर तुमची स्वतःची मुलगी कुठे शिकली?”
३. तुम्ही म्हणालात, “माझ्याच वर्गात. दुसऱ्या बाकावर बसायची. भागाकार आला की पाणी प्यायला पळायची.”
४. सभागृह हसलं, मग टाळ्या. त्यानंतर शाळा बंद करा असं कुणी म्हणालं नाही.
५. ध्वनियंत्रणेवर मी होते. माईक चालूच ठेवला.

नंतर वायरी गुंडाळताना आमचे साहेब म्हणाले, “गुरुजींची लेक म्हणजे तूच की. वर्गातही अशीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचीस का?”

“वर्गातल्यांना विचारा,” मी म्हटलं.

तुमच्या वर्गात मी एक दिवसही बसले नाही. तुम्ही मला खासगी शाळेच्या बसमध्ये चढवायचात आणि मग सायकलवरून तुमच्या शाळेत जायचात. “मलाही न्या” म्हटलं, की “तिथे तुझं नुकसान होईल” असं तुम्हीच म्हणायचात.

रागाचं राहू द्या. मला उत्सुकता आहे. ध्वनिमुद्रण मी पुन्हा ऐकलं. थाप मारताना तुमचा आवाज चढतो, हे आई आणि मी दोघी ओळखतो. इथे तो खाली येतो, आठवण सांगताना येतो तसा. मग ही मुलगी कोण? दुसरीच कुणी होती? की फळ्याकडून वळलात की त्या बाकावर तुम्हाला मी दिसायचे?

भागाकार मला खरंच जमत नव्हता. ते तुम्हाला माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

आता कामाचं. ध्वनिमुद्रण शुक्रवारी सर्वांसाठी खुलं होईल. त्याआधी वक्त्याला आपलं विधान दुरुस्त करता येतं. मला कात्री लावता येत नाही, आणि आली असती तरी लावली नसती. दुरुस्त केलंत तर शाळा जाऊ शकते. नाही केलंत, तर माझ्या जुन्या शाळेतलं कुणीतरी ऐकेल आणि मला विचारेल. मी खरं तेच सांगेन.

दुरुस्ती करणार का, आणि ती मुलगी कोण, हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. फोन केलात तरी चालेल. या वेळी उचलेन.

तुमची मुलगी