उजेड भोवतीचा आहे

बडोदे, तिसरी माळ, १९९८

उत्तर सापडलं. खांदा अजून चुरचुरतोय, पण विसरायच्या आत लिहितो.

घरमालक घोरपडे सर पूर्वी कॉलेजात शिकवायचे. त्यांनी रविवारी पेपर वाचून दाखवला. दूरच्या काही आकाशगंगांच्या मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं, ते भोवतीचा वायू, अगदी उजेडसुद्धा गिळतं, आणि तरी सगळ्यात जास्त झगझगाट तिथेच. मी ते नंदेसरीला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ऐटीत सांगितलं. आमचे ऑपरेटर भरतभाई म्हणाले, "अल्या सातारी, उजेड गिळतं तर झगझगतं कसं? पहेलां समजाव, पछी चा पी." म्हणजे आधी समजाव, मग चहा. सगळे हसले. सातवीत शाळा सोडलेला मी, काय समजावणार? तेव्हापासून डोक्यात तेच.

आज सोसायटीच्या गरब्यात हौसेने थेट आतल्या गोलात शिरलो. नवख्याने बाहेरच्या गोलात राहायचं असतं, हे मला कुठे माहीत. बाहेर लोक रमतगमत फिरतात, आत सगळे भन्नाट. खांद्याला खांदे घासतात, अंगं नुसती तापलेली. मधल्या दिव्याकडे सरळ कोणीच जात नाही. मी दमून थांबलो तर मागच्या बाईंनी खांद्यावर धपाटा दिला, "चालो ने, भाई."

आणि तिथेच कळलं. वायू विवरात सरळ पडतच नसणार. आधी भोवती फिरतो, घासतो, तापतो. तो झगझगाट विवराचा नाही, अजून न पडलेल्यांचा आहे.

धावत जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "असंच आहे रे. पण हे मी तुला वाचून दाखवलं नव्हतं. तुला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही, असं म्हणताना मला हसू आवरेना.