आईने तापवलेलं पाणी

मंगळवार, मे २००२

आज पुन्हा तेच झालं. आई माझ्या पायांसाठी चांदवडहून आली आहे आणि तिच्याकडे उपाय एकच, तिळाचं तेल चोळून कढत पाण्याची अंघोळ. माझ्या बाळंतपणात याच हातांनी तिने मला उभं केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार पुरता बरा होत नाही. अंग तापू देऊ नका, सकाळच्या गारव्यात आसनं करा, मानेवर ओला टॉवेल ठेवा. हे मी आईला सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?

अंघोळीनंतर पाटावरून उठताच येईना. डोळ्यांपुढे नुसतं धुकं. शेजारच्या वहिनींनी आणि आईने मला उचलून कॉटवर आणलं. आई पदराने माझे पाय पुसत होती आणि मला ते पुसणं कळतही नव्हतं.

संध्याकाळी मानेवर ओला टॉवेल ठेवला, जरा बरं वाटलं. आईने तो काढून घेतला. "गारठा शिरंल अंगात," म्हणाली. मग पाय चेपत बसली. "आज पाणी निवलं व्हतं, म्हणून पाय आखडले. उद्या चांगलं कढत देते."

मी बरं म्हणाले. डॉक्टरांनी हात टेकलेत. आईनेही टेकले तर?