एकच पांढरी गोटी

वेरेतेवो, ३ मार्च १९०८

चि. प्लातोन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मुलांचा खोकला ओसरलाय, बरणीतल्या खारवलेल्या काकड्या संपत आल्यात, बर्फ वितळून रस्त्याचा नुसता राडा झालाय. बाकी ठीक.

आर्सेनी मे महिन्यात तुरुंगात जाईल, मुलं बापाविना राहतील. झारने संसद बरखास्त केली तेव्हा इतर सभासदांबरोबर आर्सेनीनेही करबंदीच्या पत्रकावर सही केली, त्याचे हे तीन महिने. त्याचं त्याला काही नाही. कुठली पुस्तकं न्यायची, एवढीच चिंता. पण आपल्या जमीनदार सरदारांच्या सभेने त्याला काढून टाकलं, ते मात्र फार लागलंय.

मतदानात त्याच्या बाजूने एकच पांढरी गोटी निघाली, बाकी सगळ्या काळ्या, हे तुला काय सांगायचं? तू तिथेच होतास. झाकलेल्या पेटीत हात घालून टाकायची, त्यामुळे कुणाची ते कळत नाही. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागलीय. आपल्या मवाळ पक्षातला एकेक जण येतो, चहा पितो, आर्सेनीला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणतो, "ती माझी होती बरं का!" सात जण झाले. चहाच्या पाण्याचा समोवार भरून भरून मी दमले रे.

परवा म्हातारे पोलुएक्तोव आले. ते कट्टर झारभक्त, तुला माहीतच आहेत. आर्सेनीला तोंडावर म्हणाले, "गाढवा, शेतकऱ्यांना कर भरू नका म्हणतोस? उद्या तुझंच घर पेटवतील!" आर्सेनी नुसता हसला. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, तर पायावर पांघरूण ओढत पुटपुटले, "गाढव आहे, पण चोर नाही. गोटी माझी होती. त्याला सांगितलंस तर याद राख!"

बाकीच्यांना सांगायची घाई होती, यांना लपवायचं होतं. माझा विश्वास बसला.

आर्सेनीला लिहिलेल्या तुझ्या पत्रातही तेच आहे, प्लातोन: "ती माझी होती." आर्सेनीने वाचायला लावलं म्हणून वाचलं. त्याचे डोळे भरून आले. "वाटलंच होतं मला," म्हणाला, "प्लातोनच असणार." त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी तो पोटभर जेवला. मला राग आलाय, खूप आलाय, पण भांडायचं त्राण उरलेलं नाही.

ईस्टरला ये. तो विचारेलच. "हो, माझीच," म्हण आणि त्याला घट्ट मिठी मार. तुरुंगात त्याला तेवढा आधार पुरेल. माझ्यासमोर मात्र तो विषय काढू नकोस.

बहीण आहे, म्हणून अजूनही तुझीच,
लिदिया