बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (वाकताना ड्रेसची एकही शिवण उसवली नाही, यावरून तुझ्या बहिणीच्या हातचं काम अजून किती चोख आहे ते ध्यानात यावं.) तुझी तब्येत बरी असेल, काकांचा खोकला गेला असेल आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी अजून तरी दुसरा कुत्रा पाळला नसेल, अशी आशा करते. इकडे सगळे मजेत. म्हणजे आई मशीनवर, बाबा बाहेर आणि मी सगळ्यांच्या तोंडी. फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आमचा फोन दुकानात कटिंगच्या टेबलावर असतो. आईचे हात कापडात असतात, त्यामुळे तो स्पीकरवरच चालतो, आणि पडद्याआड कोणी ना कोणी अर्ध्या कपड्यांत ट्रायलला उभं असतंच. मागे तू तुझ्या मूळव्याधीचं सांगत होतीस तेव्हा पडद्याआडून दोन मलमं सुचवली गेली, ती तुला आठवत असतीलच.

तर विषय माझ्या पोटाचा. खायच्या पोटाचा नव्हे, त्याच्या खालचा, ज्याचं नाव निघालं की बाबांना अचानक दोरा आणायला जायचं आठवतं. (घरात आता इतका दोरा साठलाय की आणखी एक दुकान काढता येईल.) वर्षभर माझी पाळी रुसक्या पाहुणीसारखी वागतेय. महिनोन्महिने पत्ता नाही, आली की न सांगता, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही. त्यात चेहऱ्यावर पुटकुळ्यांनी वसाहत केली, हनुवटीवर केस उगवले आणि वजन वाढलं. हे शेवटचं मात्र मला कळलंच नाही, कारण आमच्या घरात ते कळायची सोयच नाही. बाकीच्या मुलींना कपडे घट्ट होतात, मला झालेच नाहीत. इस्त्रीच्या निमित्ताने आई माझा एकेक कपडा उसवून गुपचूप सैल करत होती. (शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. आईने ती पहिल्यापासूनच भरपूर सोडलेली.) शेवटी एकदा वर्गातल्या मैत्रिणीचं जॅकेट हौसेने चढवायला गेले आणि दोन्ही हात मागे अडकून तशीच राहिले. दोघींनी बाह्या धरून ओढलं तेव्हा सुटका झाली. घरी येऊन आईला विचारलं, मी जाड झालेय का? ती म्हणाली, छे गं, हल्ली बाहेरचे लोक कापड चोरतात.

पाळी येत नाही असं सांगितलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहीत नाही, तुला कळलंच असेल. माझं दप्तर, उशीचा अभ्रा, चपलांचं खोकं, सगळ्याची झडती झाली. मुद्देमाल म्हणून अर्धं बिस्किट आणि लपवलेला गणिताचा पेपर हाती लागला. बिस्किटाबद्दल माफी मिळाली, पेपराबद्दल नाही. पण मनातली शंका फिटल्यावर आईला इतका आनंद झाला की आजाराचा विषयच मिटला. येत नाही तर बरंच आहे की, तेवढीच कटकट नाही, असा निकाल लागला. हनुवटीवर उपाय म्हणून तिने बटणं शिवायचा पक्का दोरा घेतला आणि मला खुर्चीत बसवून केस उपटले. मी ओरडले, तर मुलीच्या जातीने एवढंही सोसू नये का, असं विचारलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

सल्ल्यांची मात्र ददात नव्हती. पडद्याआडून रोज एक नवा तज्ज्ञ बाहेर येई. बँकेतल्या बाई म्हणाल्या, रात्रीचं जेवण बंद कर. नाटकातल्या बाई म्हणाल्या, गरम पाण्यावर राहा. (त्या स्वतः कशावर राहतात ते त्यांच्या कमरेचं माप घेताना मला दिसतं, पण मी ब्र काढला नाही.) जिच्या लग्नाचा झगा शिवायला होता ती नवरी म्हणाली, लग्न झालं की आपोआप सगळं सुरळीत होतं. हे ती लग्नाच्या आधीच सांगत होती, तेव्हा अनुभव दांडगाच म्हणायचा. मी सगळ्यांचं ऐकलं. रात्री उपाशी राहायचं आणि पहाटे पावाची अख्खी लादी संपवायची, असा माझा आहार ठरला.

मग एकदाची पाळी आली आणि थांबेचना. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची नळी हातात धरूनच मी खाली बसले. खेळाच्या बाईंनी घरी फोन लावला. आईचं त्या दिवशी नवरीच्या झग्याचं काम, म्हणून बाबा आले. मावशी, दोरा आणायला पळणारे आपले बाबा! त्यांनी मला रिक्षात घातलं आणि न विचारता थेट बायकांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. तिथे भिंतीवर जी चित्रं होती ती पाहून ते खिडकीकडे वळले, आणि सबंध वेळ समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी न्याहाळत बसले. मला बाई पुष्कळ आवडल्या. त्यांनी मी किती जाड आहे हे न सांगता मी काय खाते, कधी झोपते, पाळी कधी कधी आली ते विचारलं. एवढ्यावर निकाल न देता रक्त तपासायला पाठवलं, थायरॉइड वगैरे काही नाही ना ते बघितलं, आणि पुढच्या खेपेला सांगितलं की याला पीसीओएस म्हणतात. पुष्कळ मुलींना असतं. नावात सिस्ट म्हणजे गाठी आल्यात, पण त्या गाठी नाहीतच, पुरती वाढ न झालेली बीजं असतात. शरीर साखर आवरणाऱ्या रसाला, म्हणजे इन्सुलिनला, नीट दाद देत नाही, म्हणून तो जास्त तयार होतो, त्याने पुरुषी रसही वाढतात, आणि हनुवटीपासून पाळीपर्यंत सगळा गोंधळ त्यातून होतो. माझ्या आळशीपणातून नव्हे. (हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.) पाळी फार दिवस आलीच नाही तर पिशवीच्या आतलं अस्तर जाड होत जातं, ते अंगावर काढायचं नाही, असं त्या म्हणाल्या. अस्तर हा शब्द ऐकून बाबांनी पहिल्यांदा टाकीवरून नजर काढली. हे एकदा उसवून नीट शिवलं की झालं का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, नाही हो, हे जन्मभर सांभाळायचं असतं, पण सांभाळता येतं. वेळच्या वेळी जेवण, घाम येईल इतकं चालणं-खेळणं, झोप, आणि काही महिने गोळ्या. पुढे मुलंही बहुतेकींना होतात, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलंही नव्हतं, बाबांच्या तोंडावर ते दिसत असावं.

गोळ्या सुरू केल्या, आणि पाळी चक्क वेळेवर आली. मग मी शहाणीने पाकीट इस्त्रीच्या टेबलावर विसरून ठेवलं. बँकेतल्या बाईंनी ते उचललं, वाचलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या की या तर मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा समजावायला पुढे झाले, पण दुकानात बायका पाहून दोरा आणायला गेले. त्याच गोळ्या पाळी रुळावर आणायलाही देतात हे मी सांगत राहिले, पालथ्या घड्यावर पाणी! आता पाकीट बटणांच्या डब्यात कुलूपबंद आहे. गोळ्या बंद, डॉक्टर बंद, आणि कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझे कपडे तेवढे इस्त्रीच्या निमित्ताने पुन्हा सैल होऊ लागलेत.

बाकी सगळं क्षेम. काकांना नमस्कार.

तुझी लाडकी (म्हणजे एकुलती एक)
भाची

ता. क. वरच्या मजकुरावरून आई दुष्ट आहे असं समजू नकोस. कुलूप लावल्यावर ती मशीनपाशी बसून रडत होती. मुलीचं नाव चारचौघांत खराब होईल, याची तिला भीती वाटते. मलाही भीती वाटते मावशी, पण नावाची नाही. पाळी पुन्हा येईनाशी झाली आहे.

ता. क. आणखी एक. मी फारच भांडले तेव्हा आई म्हणाली, तुझ्या मावशीलाही तुझ्या वयात अस्संच व्हायचं, आम्ही कुठे डॉक्टर केला, आणि कुठे काय झालं तिला? पण मावशी, तुझी साखर मला माहीत आहे. तू आणि काका इतकी वर्षं कुठल्या कुठल्या दवाखान्यांत जात होता आणि नंतर जायचे थांबलात, तेही मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे, पण तुझं तेव्हाचं आणि नंतरचं, हे दोन धागे तिने कधी एकत्र धरलेच नाहीत. ते मी सांगायची माझी छाती नाही आणि मला तो हक्कही नाही. तू सांगशील का? नको वाटलं तर सांगू नकोस, मी रागावणार नाही.

ता. क. शेवटचं. यायचं ठरवलंस तर एखादं कापड घेऊन ये आणि ड्रेस बेतायला उभी राहा. आई तुझ्या पायाशी बसून घेर टाचत असेल, तोंडात टाचण्या असतील, त्यामुळे तिला बोलता येणार नाही आणि उठताही येणार नाही. तेव्हा सांग.