ठकीचा एकच पुढचा पाय

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. ठकी नेहमीपेक्षा जास्त लंगडत होती. मुरगळलं असेल म्हणून मी तेल चोळत बसलो, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवून सांगितलं, हाडाचा कॅन्सर. एरवी असा पाय कापतात म्हणे, कुत्री तीन पायांवर मजेत राहतात. पण ठकीचा एक पुढचा पाय पिल्लू असतानाच गेलेला. हाही कापला तर उभी कशावर राहणार?

एकच वाट आहे. किडलेला तुकडा काढून तिथे मेलेल्या कुत्र्याचं हाड पट्टी-स्क्रूनं बसवायचं. मी सुतार, जोडकाम मला कळतं, तरी दोनदा समजावून घेतलं. तिच्या मापाचं हाड त्यांच्या फ्रीजरमध्ये नाही आणि थांबायला वेळ नाही.

तुझा ढोल्या कसा आहे? एकाच वेताची भावंडं, पण तो आल्यागेल्याला पंजा देत सुटतो आणि ठकीनं जन्मात कोणाला दिला नाही. देईल कशी, तोंडावर आपटेल ना! लोभ आहेच, थोडा ठकीच्या वाट्यालाही येऊ दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आणि बर्फाची पेटी ह्यांच्या हाती पाठवतेय. उभ्या उभ्या वाच आणि तडक दवाखाना गाठ.

ढोल्या आज सकाळी गेला. ह्यांनी पावाची गाडी मागे घेतली, तो चाकामागे झोपलेला. आमच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत संपलं होतं. मला रडूसुद्धा येईना. तुझं पत्र आठवलं आणि मीच म्हणाले, ह्याच्या पुढच्या पायाचं हाड काढून घ्या. मग डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. माप जुळतं म्हणाल्या. माझ्या तोंडून असं निघालं कसं, मला अजून कळत नाही.

ह्यांना काही विचारू नकोस. सकाळपासून अवाक्षर बोललेले नाहीत. चार घास खायला लाव. ठकीला माझा हात फिरव.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हाड बसलं. मनगट आता वाकणार नाही, आणि दुखणं परत येणारच नाही असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नाहीत. पण काल ठकी उभी राहिली.

भाऊजी इतके दिवस तिच्यापाशीच बसून होते, मुक्यानं. आज निरोप घ्यायला खाली बसले. बँडेजला हात लावायचा धीर होईना, म्हणून तळवा नुसताच पुढे धरला. ठकी आडवी पडली होती. तिनं तो जड पाय ओढत आणला आणि त्यांच्या हातात ठेवला. ताई, ठकीनं पंजा दिला! भाऊजी ढसाढसा रडले.

आता घरी येतील ते बोलत येतील. त्यांना बोलू दे. आम्हा दोघांवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा