निळ्या उशीची खुर्ची

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला हेलिकॉप्टरातून ड्रोन चालवणाऱ्यांच्या खोलीत बदली मिळते आहे हे वाचून इतका आनंद झाला, की चहात दोनदा साखर घातली. ती खुर्ची मुकाट्याने घे. मी जन्मभर लढाऊ हेलिकॉप्टरांचे पंखे आणि गिअरबॉक्स उघडले, माझ्याइतकी माया त्यांच्यावर कुणी केली नसेल. पण आता त्यांची सद्दी संपली. झुडपाआडचा एक माणूस खांद्यावरून क्षेपणास्त्र सोडतो आणि खेळ खलास. टीव्हीवर पाहिलं, मग जेवण गेलं नाही. तू म्हणशील, म्हातारा भित्रा झाला. झालोय. मला एकच मुलगी आहे.

उलटटपाली होकार कळव. लोभ आहेच, या खेपेस हट्टही आहे.

तुझा,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

खुर्ची नाकारली. आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा.

तुमचं खरं आहे, शत्रूच्या डोक्यावरून मिरवत जायचे दिवस गेले. आता आम्ही टेकडीआड दबा धरून बसतो, ड्रोन पुढे जाऊन पाहतं, आम्ही लांबूनच मारा करतो आणि पळ काढतो. गावांवर येणारी शत्रूची ड्रोनही आम्हीच पाडतो. ती इतकी सावकाश येतात, की जेट विमानं त्यांना ओलांडून भुर्रकन पुढे जातात. मागच्या आठवड्यात जखमींच्या गाड्या पुलाअलीकडे अडकल्या. शत्रूने सिग्नल तोडला आणि आमचं ड्रोन आंधळं झालं. शेवटची गाडी पलीकडे जाईपर्यंत तिथे थांबलं ते तुमचं सद्दी संपलेलं हेलिकॉप्टरच. मी त्यात होते, बाबा. भीती वाटली. पण खुर्चीत असते तर नुसता काळा पडदा बघत बसले असते.

आईला मात्र खुर्ची घेतली असंच सांगा. तिचा जीव थाऱ्यावर राहील. हवं तर रागवा, पण लोभ आटवू नका.

तुमची,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

यांना न सांगता हे पत्र शिवणाच्या दुकानात, कपड्यांच्या ढिगाआड बसून लिहिते आहे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अक्षर वाकडं होईल.

तुला खुर्ची मिळाल्याचं यांनी जाहीर केलं. खोली थंडगार, खुर्ची फिरती, वर निळी उशी! आपल्या पलंगावरच्या चादरीचा रंग ज्यांना आजवर सांगता आला नाही, त्यांना तुझी उशी निळी दिसली. तेव्हाच काय ते कळलं. शिवाय रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघत उभे राहतात.

मी दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. मग खूप रडले. आता बरी आहे. यांना काही बोलले नाही. मला फसवण्यात यांचा वेळ बरा जातो, जाऊ दे. तू उडत राहा. मला मात्र यापुढे खरं लिही, मी तेवढी कच्ची नाही.

त्या हेलिकॉप्टरात दोघं बसतात, हे मेकॅनिकच्या बायकोला कुणी सांगायला नको. तुझ्या पुढे बसणाऱ्या मुलाच्या आईलाही कुणीतरी अशीच खुर्ची सांगितली असेल. त्याला सांभाळून आण.

तुम्हा दोघांवर जीव लावून बसलेली,
आई